उंटाला पाणी लागत नाही

कमळाकर गुरुजींना वाळवंट तोंडपाठ होतं. पाहिलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. पनवेल सोडून त्यांची मजल एकीकडे पुण्यापर्यंत आणि दुसरीकडे आपट्याला मेहुण्याच्या लग्नापर्यंत गेली होती, आणि दोन्हीकडे वाळू बेताचीच. पण दरवर्षी चौथीच्या वर्गात वाळवंटाचा धडा आला की गुरुजी टेबलावर हात टेकून असे काही बोलत, की मागच्या बाकावरची झोपाळू पोरंसुद्धा तहानेने उठून पाणी पिऊन येत. निवडुंग पानांऐवजी काटे का धरतो, खजुराची मुळं किती खोल जातात, उंदीर दिवसभर बिळात का लपतो, हे सगळं ते रंगवून सांगत. शेवटी उंट. "उंट पंधरा दिवस पाण्यावाचून राहतो, कारण त्याच्या वशिंडात पाण्याचा साठा असतो." हे वाक्य ते दोनदा म्हणत आणि मुलांकडून तीनदा म्हणवून घेत.

त्यात बावन्न सालच्या एप्रिलात खराखुरा उंट पनवेलात येऊन उभा राहिला. तेव्हा गुरुजींना वाटलं, हा आपल्यासाठीच आलाय. माणसाला असं वाटायला लागलं की पुढचं सगळं बिघडतंच.

उंटाचा मालक जुम्मा, कच्छकडचा. गावोगाव फिरून पोरांना आण्याला एक चक्कर मारायचा. बाजारात शिरला तेव्हा टांग्यांचे दोन घोडे बिथरले, एक टांगा सरळ कासाराच्या दुकानात गेला, आणि गावाने जुम्माला बाहेरचा रस्ता दाखवला. तो खाडीच्या अंगाला, मिठागरापाशी जुनी मिठाची वखार पडून होती, तिथे जाऊन राहिला. उंटाला ती जागा मानवली. खाडीकाठचं तिवराचं झाड दिसलं की तो मान लांब करी आणि पाला ओरबाडून खाई. मिठागरावरची माणसं हसत. त्या पाल्याच्या पाठीवर मीठ साचतं, गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत.

चार दिवसांत जुम्माला हिवताप भरला. मिठागरावर राबणारा महादेव धावत शाळेत आला, कारण त्या भागात हिंदी समजणारा माणूस म्हणजे गुरुजी. त्यांनी राष्ट्रभाषेच्या दोन परीक्षा दिल्या होत्या आणि तिसरीचा फॉर्म भरला होता. गुरुजी वखारीत पोचले तेव्हा जुम्मा घोंगडीत कुडकुडत होता, बाहेर त्याला दवाखान्यात न्यायला बैलगाडी उभी होती, आणि महादेवची बायको रंभा त्याच्या डोक्यावर ओला फडका धरून बसली होती.

जुम्माने गुरुजींचा हात धरला. "साहब, इनको बोलो, ये झाड़ खाने दो. मगर इसमें नमक है. हर तीसरे दिन मीठा पानी पिलाना, पेट भर के. भूलना मत." आणि समजलं नाही तर म्हणून त्याने रंभाकडे बघत दोन्ही हातांची ओंजळ करून तोंडाला लावली.

आता इथे नीट ऐका, कारण पुढे गुरुजी स्वतःशीच कितीदा तरी म्हणाले, की आपल्याला नीट कळलं नव्हतं. तसं काही नव्हतं. शब्दन् शब्द कळला होता. पण त्याच क्षणी त्यांच्या डोक्यात दुसरंच काहीतरी आलं. बारा दिवसांनी डिपोटीसाहेब शाळा तपासायला येणार होते. हेडमास्तरची जागा रिकामी व्हायची होती. आणि समोर पुस्तकातला उंट उभा होता. अडाणी माणूस, त्यात तापाच्या ग्लानीत, त्याचं काय ऐकायचं?

गुरुजी रंभाला म्हणाले, "तो म्हणतो, उंटाला रोज पाल्यावर सोडत जा."

"आनि पान्याचं?"

"पाण्याचं काही करू नका. वाळवंटातला जीव आहे तो. पंधरा दिवस पाणी लागत नाही."

रंभाने फडका पिळला. "मंग तो ओंजळ करून काय दावीत व्हता?"

"नमस्कार करत होता," गुरुजी म्हणाले.

रंभाने घोंगडी जुम्माच्या अंगाभोवती नीट गुंडाळली. गाडी जुम्माला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात गुरुजींनी चौकट आखली आणि आत लिहिलं, 'प्रयोग. उंट. दिवस पहिला.' खिडकीत निवडुंगाची कुंडी ठेवली आणि तिलाही पाणी घालायचं नाही असं ठरलं. रोज सकाळी प्रार्थनेनंतर एक मुलगा उठून आकडा बदली. दर दोन-तीन दिवसांनी गुरुजी अख्खा वर्ग रांगेने मिठागरावर नेत, उंट रवंथ करताना दाखवत, आणि वशिंडाकडे छडी करून म्हणत, "हा बघा साठा." पोरं त्या वशिंडाकडे अशी बघत, जणू कुठेतरी तोटी असेल. गावातही बोलबाला झाला. वाण्याने गुरुजींना विचारलं, "आज कितवा?" आणि गुरुजींनी खालच्या मानेने, पण मोठ्या आवाजात सांगितलं, "चौथा."

त्या वर्गात रंभाची मुलगी वेणू होती. मिठागराच्या वस्तीतून चौथीपर्यंत आलेली पहिली मुलगी. गुरुजींना तिचा अभिमान होता, पण तो ते मुख्यतः इतरांपाशी बोलून दाखवत. अलीकडे ती दोन-तीनदा उशिरा आली होती, केस विस्कटलेले, परकराचा काठ ओला. गुरुजींनी तिला दर वेळी हातावर एक छडी दिली होती. कारण विचारलं नव्हतं, कारण उशिराला कारण नसतं, असं त्यांचं मत होतं.

पाचव्या दिवशी आकडा बदलला तेव्हा वेणू उभी राहिली. "गुरुजी, उंट पानी पितो. माझी आय देते त्याला."

वर्ग फिदीफिदी हसला. गुरुजींचे कान तापले. खरं तर त्यांनी तिथल्या तिथे जाऊन रंभाला विचारायला हवं होतं. वखार काही काशी-रामेश्वर नव्हती. पण ते गेले नाहीत. का गेले नाहीत, हे त्यांना तेव्हाही माहीत होतं. उत्तर काय येईल याची शंका आली की माणूस प्रश्न विचारत नाही.

"खोटं बोलायला कुठे शिकलीस?" ते म्हणाले. "इतके दिवस शिकवलं ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी. घरी जाऊन पाटीच्या दोन्ही बाजूंना लिही, उंटाला पाणी लागत नाही. बारीक अक्षरात, पाटी भरेपर्यंत. आणि मी तपासल्याशिवाय पुसायची नाही."

वेणू खाली बसली. पुढे त्या पाटीची आठवण गुरुजींना राहिली नाही. डिपोटीसाहेबांच्या स्वागताचं गाणं बसवायचं होतं, पताका चिकटवायच्या होत्या. वेणूकडे हल्ली पाटी दिसत नाही आणि गणितं ती जमिनीवर बोटाने करते, हे त्यांनी एकदा पाहिलं होतं. "पाटी विसरणाऱ्याला विद्या विसरते," एवढं म्हणून ते पुढच्या बाकाकडे गेले होते.

अकराव्या दिवशी संध्याकाळी, उन्हं उतरल्यावर, गुरुजी एकटेच मिठागरावर गेले. उद्या साहेब उंट बघणार, तेव्हा त्याची पाठ झाडून घ्यावी, गळ्यात एक माळ घालावी, असा बेत होता. माळ त्यांच्या पिशवीत होती. दोन्ही बाजूंना मिठाचे वाफे पांढरे पडले होते, मधल्या बांधावरून चालताना डोळे दिपत होते. खाडी डाव्या हाताला भरलेली, वाफ्यांत पाणी, चरात पाणी, आणि प्यायला त्यातला थेंब नाही. मिठागराच्या बायका गोड पाणी आणायला अर्ध्या कोसावरच्या विहिरीवर जात, हे गुरुजींना माहीत होतं, कारण वेणूने एकदा निबंधात लिहिलं होतं. त्यांनी त्यातला शुद्धलेखनाचा एक दोष काढला होता.

वखारीमागे वळले आणि ते जागीच थांबले.

उंटापुढे अर्धं कापलेलं पिंप होतं. रंभा डोक्यावरचा हंडा उतरवून त्यात ओतत होती. मागून वेणू कळशी काखेत धरून, एका अंगाला वाकून येत होती. उंटाने पिंपात तोंड घातलं होतं, आणि तो पीत होता. घटाघटा नाही, शांतपणे, एका लयीत, न थांबता. पिंपातलं पाणी डोळ्यांदेखत खाली जात होतं. बाजूच्या ओल्या मातीवरच्या पावलांच्या वाटेवरून कळत होतं की ही पहिली खेप नव्हे.

रंभाने गुरुजींना पाहिलं आणि पदर सावरला. ती घाबरली नाही. गुरुजीच घाबरले.

"किती पाजलं?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला.

"आज नऊ हांडे झालं. आजून तीन लागतील. तीन दिसांनी एकदा पितो, पन पितो तवा पोट भरून पितो." ती पिंपाकडे बघत होती. "पाला खारट ना, गुरुजी. मीठ खाल्ल्यावं पानी लागतंच. आमाला नाय लागत?"

"पण मी सांगितलं होतं..."

"जुम्मानं सांगितलं व्हतं ना ओंजळ दावून. तुमी इसरलात असाल सांगायला." ती इतक्या सहज म्हणाली, की त्यात टोमणा शोधूनही सापडला नसता. तिने गुरुजींना पळवाट करून दिली होती, आणि ती पळवाट किती स्वच्छ होती हे बघून गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नमस्काराची गोष्ट तिने काढलीच नाही.

वेणूने कळशी ओतली. गुरुजींकडे न बघता ती परत विहिरीच्या वाटेला लागली. शाळेला उशीर का होत होता, परकर का भिजत होता, सगळ्या छड्यांचा जाब त्या पाठमोऱ्या मुलीकडून न विचारता मिळाला. गुरुजींनी माळ पिशवीतच ठेवली आणि घरी आले. रात्री जेवताना त्यांच्या पत्नीने, सत्यवतीबाईंनी विचारलं, आमटीत मीठ कमी झालंय का? ते म्हणाले, नाही, बरोबर आहे. आणि ताटावरून उठले.

त्यांनी ठरवलं होतं, सकाळी फळ्यावरची चौकट पुसायची. खरंच ठरवलं होतं. पण सकाळी शाळेत पोचले तेव्हा कुणीतरी उत्साहाने आकडा बदलून, भोवती रंगीत खडूची नक्षी काढून ठेवली होती. दिवस बारावा. आणि दारात डिपोटीसाहेबांची गाडी उभी राहिली.

साहेबांना प्रयोग फार आवडला. ते वर्गासकट मिठागरापर्यंत चालत आले, उंटाच्या मानेवर थोपटलं, आणि म्हणाले, "बारा दिवस? आणि तब्येत बघा." गुरुजी उभे होते. रंभा जरा लांब मीठ ओढत होती, ती क्षणभर थांबली, मग पुन्हा कामाला लागली. साहेबांनी मुलांकडे वळून बोट केलं, आणि ते बोट बरोबर वेणूवर येऊन थांबलं.

"मुली, सांग बघू, उंट पाण्यावाचून किती दिवस राहतो?"

वेणूने आधी उंटाकडे बघितलं. मग गुरुजींकडे. तिच्या डोळ्यांत राग असता तर गुरुजींना बरं वाटलं असतं. पण ती त्यांच्याकडे अशी बघत होती, जसं काही आजारी माणसाकडे बघतात, त्याला आता किती झेपेल याचा अंदाज घेत.

"पंधरा दिवस, साहेब," वेणू म्हणाली. "त्याच्या वशिंडात पान्याचा साठा असतो."

"शाबास."

गुरुजींनी तोंड उघडायला एवढा वेळ पुष्कळ होता. ते तोंडात मिठाची गुळणी धरून उभे राहिले. दहा वर्षांच्या पोरीने आपली अब्रू वाचवण्यासाठी खोटं बोलावं, जे खोटं आपण शिक्षा म्हणून तिच्याकडून लिहून घेतलं तेच खोटं, आणि आपण मान हलवून तिला शाबासकी मिळू द्यावी, यापेक्षा खाली माणूस किती जाऊ शकतो, हा विचार त्यांच्या मनात तेव्हाच आला. तरी मान हलवली. साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, 'प्रत्यक्ष प्रयोगातून अध्यापन. अनुकरणीय.' गुरुजींनी ते वाचलं आणि शेरेबुक कपाटात, सगळ्यात खाली ठेवलं.

चार दिवसांनी सुट्टी लागली. त्याच आठवड्यात जुम्मा दवाखान्यातून सुटला. अंगात हाडं तेवढी उरली होती, पण चालत होता. आधी वखारीत जाऊन त्याने उंटाचे ओठ बघितले, वशिंड दाबून बघितलं, आणि मग तसाच बाजारात आला. गुरुजी वाण्याच्या दुकानापुढे गूळ घेत होते. जुम्माने भर बाजारात वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

"साहब, आपने इनको बताया, इसलिए मेरा जानवर बच गया. पानी नहीं मिलता तो खारा पत्ता खाके मर जाता."

वाणी चकित झाला. "अहो, पण गुरुजी तर म्हणत होते, वशिंडात पाणी..."

"उसमें पानी कहाँ, सेठ," जुम्मा हसला. "चरबी है. सूखे दिन की भाकरी." भाकरी हा शब्द तो पनवेलात शिकला असावा.

दोघं-तिघं गिऱ्हाईकं हसली. एकजण हळूच म्हणाला, "उंटावरचा शहाणा ऐकला होता, आज बघितला." गुरुजींना ते लागलं नाही. त्यांच्या पायांवर अजून जुम्माचे हात होते, आणि ते पाय त्यांना चटका बसल्यासारखे मागे घ्यावेसे वाटत होते. "मी नाही सांगितलं," ते म्हणाले. पहिल्यांदा नीट आवाज फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले. "मी नाही सांगितलं, जुम्माभाई. मी उलट सांगितलं. रंभाने पाजलं." जुम्माला सगळं कळलं की नाही कोण जाणे. वाण्याला कळलं. गूळ काट्यावरच राहिला आणि गुरुजी मिठागराच्या रस्त्याला लागले.

दुपार कलली होती. रंभा झोपडीपुढे मासळी वाळत घालत होती. गुरुजींना बघून तिने आधी घडवंचीवरच्या मडक्यातून तांब्याभर पाणी काढलं आणि पुढे केलं. अर्ध्या कोसावरचं पाणी. गुरुजींचा घसा कोरडा पडला होता तरी त्यांना ते घेववेना. शेवटी घेतलं, कारण न घेणं म्हणजे आणखी एक अपमान झाला असता.

"मी चुकलो, रंभाबाई," ते म्हणाले. "विसरलो नव्हतो."

"मना ठाव हाय," रंभा म्हणाली, आणि मासळी उलटी करायला लागली.

वेणू दारात उभी होती. गुरुजींनी तिला जवळ बोलावलं. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, ते सगळं विसरलं. तेवढ्यात त्यांची नजर आत गेली. भिंतीला पाटी टेकून ठेवली होती. तिच्यावर वरपासून खालपर्यंत बारीक, सरळ ओळी. उंटाला पाणी लागत नाही. उंटाला पाणी लागत नाही. अक्षर फार सुरेख होतं.

"ही पाटी..." गुरुजी म्हणाले.

"तुमी तपासली नाय, गुरुजी," वेणू म्हणाली. "तपासल्याबिगर पुसायची नाय म्हनालात ना. मी पालथी बी ठेवली नाय, मागच्या बाजूचं पुसलं असतं."

गुरुजी मटकन झोपडीलगतच्या बांधावर बसले. डोळे भरून आले ते त्यांनी धोतराच्या सोग्याने टिपले, लपवले नाहीत. मग पाटी मांडीवर घेतली, पुढची बाजू हाताने घासून पुसली, खिशातली पेन्सिल काढली आणि लिहायला लागले. 'वेणू खरं बोलली. मी खोटं बोललो.' एक ओळ, दुसरी ओळ. उन्हात बसून त्यांनी पाटीची एक बाजू भरली, मग दुसरी पुसून तीही भरली. मिठागरावरची माणसं लांबून बघत होती. गुरुजींना वाटलं, बघू देत. मनावरचा दगड थोडा हलल्यासारखं वाटलं. शेवटची ओळ झाल्यावर त्यांनी पाटी वेणूच्या हातात दिली.

"जूनमध्ये शाळा उघडली की ही घेऊन ये," ते म्हणाले. "सगळ्यांना वाचून दाखव. तोपर्यंत अजिबात पुसू नको."

वेणूने दोन्ही बाजू वाचल्या. मग तिने मान वर केली.

"पन गुरुजी, तवर मी लिवू कशावं?"

गुरुजींना तेव्हा उमगलं. प्रायश्चित्त घेतलं होतं, तेही पोरीच्याच पाटीवर. त्यांनी पाटी परत घेतली. पुसायला फडका ओला करावा म्हणून मडक्याकडे हात गेला.

"गोडं पानी नको, गुरुजी," रंभा मासळीवरून मान न उचलता म्हणाली. "खारं घ्या. खारं बख्खल हाय."

त्यांनी बांधावरून वाकून फडका वाफ्यात बुडवला आणि पाटी पुसली, दोन्ही बाजू, कोपऱ्यांपर्यंत. उन्हात ती लगेच वाळली आणि तिच्यावर मिठाचा पांढुरका थर उमटला. वेणूने तो तळव्याने झाडला, थोडा राहिला, पुन्हा झाडला. मग पाटी मांडीवर घेऊन ती काहीतरी लिहायला बसली. गुरुजी चपला घालून निघाले. जूनमध्ये जे सांगायचं ते आता त्यांनाच, सगळ्या शाळेपुढे उभं राहून, तोंडाने सांगावं लागणार होतं.